घडणावळीचं मोल

जुना दागिना मोडायला सराफाकडे नेला की हिशेब ठरलेला असतो. खड्यांचं वजन वजा होतं, घट धरली जाते आणि उरलेल्या सोन्याला त्या दिवसाचा भाव लागतो. घडणावळ त्यात कुठेच नसते. करून घेताना ती पै-पैशानं मोजलेली असते, मोडताना मात्र तिची किंमत शून्य. सोनं ही आपल्याकडे अडीनडीची पुंजी आहे. किती घरांतली शिक्षणं, आजारपणं आणि पेरण्या तिच्यावर निभावल्या आहेत, त्यामुळे हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. पण त्यानं आपल्या नजरेला एक वळण लावलं. दागिना म्हणजे वजन, आणि खडा असलाच तर तो शोभेपुरता किंवा पत्रिकेतला ग्रह शांत व्हावा म्हणून बोटात घालायचा.

गेल्या पन्नासेक वर्षांत जगातल्या मोजक्या कलावंतांनी हा हिशेब उलटा मांडला. त्यांच्या दागिन्यात धातू हा आधार असतो. मोल असतं ते खड्याच्या रंगाचं आणि तो रंग ओळखून घाट घडवणाऱ्या हाताचं. हे कलावंत कुठल्याही बड्या कंपनीच्या पदरी नाहीत. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या अटींवर, वर्षाला मोजकेच दागिने ते करतात. पॅरिस, हाँगकाँग आणि मुंबई इथल्या तिघांची ही ओळख.

रंग कुठून येतो

हिऱ्याच्या बाजाराला आता मापं आहेत. वजन, रंग, निर्मळता आणि पैलू या चार कसोट्यांची पद्धत अमेरिकेतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटनं विसाव्या शतकाच्या मध्यावर रूढ केली. त्यामुळे हिरा प्रत्यक्ष न पाहता, नुसत्या प्रमाणपत्रावरही विकला जाऊ शकतो. रंगीत खडा असा कागदावर मावत नाही. तो हातात घ्यावा लागतो, उजेडात फिरवावा लागतो, सकाळी आणि दिव्याखाली वेगवेगळा पाहावा लागतो.

माणिक आणि नीलम ही एकाच खनिजाची, कुरुंदाची दोन रूपं आहेत. शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. त्यात क्रोमियमचा अंश उतरला की तो लाल होतो, आणि लोह व टायटॅनियम यांची जोडी जमली की निळा. पाचू हा बेरिल नावाच्या खनिजाचा. क्रोमियम किंवा व्हॅनेडियम त्याला हिरवं करतं. टूर्मलीनच्या एकाच स्फटिकात एका टोकाला गुलाबी आणि दुसऱ्या टोकाला हिरवा रंग असू शकतो. ब्राझीलच्या पाराइबा राज्यात 1980च्या दशकाच्या अखेरीस जे टूर्मलीन सापडलं, त्याचा विजेसारखा निळा-हिरवा झळाळ तांब्यामुळे आलेला आहे. टांझानाइट तर जगाला ठाऊक झालं ते 1967 साली.

नवरत्नांच्या जुन्या यादीत टूर्मलीन, टांझानाइट यांसारख्या खड्यांना जागा नाही. बाजारानंही त्यांना बराच काळ उपरत्नांच्या डब्यात ठेवलं होतं. स्वतंत्र वृत्तीच्या कलावंतांना नेमकी तीच मोकळीक हवी होती. ज्या खड्याची किंमत परंपरेनं ठरवून ठेवलेली नाही, त्याच्याकडे निव्वळ रंग म्हणून पाहता येतं.

पॅरिस : बंद दाराआडची पेढी

पॅरिसच्या प्लास व्हाँदोम चौकात जगातल्या नामांकित जवाहिऱ्यांची झगमगती दुकानं आहेत. त्याच चौकात 1978 साली 'जार' नावाची पेढी उघडली. तिला मांडणीची काचपेटी नाही आणि ती जाहिरात करत नाही. 'जार' ही जोएल आर्थर रोझेनथाल यांच्या नावाची आद्याक्षरं. 1943 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेले रोझेनथाल हे पोस्टमन वडील आणि जीवशास्त्र शिकवणारी आई यांचे एकुलते एक. हार्वर्डमधून पदवी घेऊन ते पॅरिसला आले, आणि 1973 साली पिएर झाने या साथीदाराबरोबर त्यांनी भरतकामाचं छोटंसं दुकान टाकलं. कॅनव्हासवर नक्षी रंगवून द्यायची आणि तिच्यासाठी नेमक्या छटांचे लोकरीचे धागे निवडून द्यायचे, असा तो व्यवसाय. दुकान वर्षभरही चाललं नाही. पण त्यांचा पुढचा सगळा दागिना त्या धाग्यांतून निघाला.

धातूच्या पृष्ठभागावर बारीक खडे एकमेकांना खेटून जडवण्याच्या कामाला फ्रेंच जवाहिरे 'पावे' म्हणतात. नेहमीची रीत अशी, की सगळे खडे एका मापाचे आणि एका रंगाचे निवडायचे आणि ओळीनं बसवायचे. रोझेनथाल यांनी ही शिस्त मोडली. त्यांच्या कामात लहान-मोठे खडे मिसळलेले असतात आणि एकाच रंगाच्या कित्येक छटा शेजारी शेजारी येतात. कशिदा काढणारी बाई पाकळीच्या टोकाकडे जाताना धाग्याची छटा एकेका टाक्यानं बदलत नेते, तसा त्यांच्या दागिन्यात रंग सरकतो. 1994 सालच्या फुलपाखराच्या ब्रोचमध्ये नीलम, माणिक, फायर ओपल, ॲमेथिस्ट, गार्नेट आणि हिरे असे सगळे एकत्र आहेत. या यादीकडे नुसतं पाहिलं तर गर्दी वाटेल. पंखावर मात्र एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

याला कारण आणखी एक आहे. खड्यांखालची चांदी ते मुद्दाम काळवंडवून घेतात. चकचकीत पांढरा धातू खड्यांच्या फटींतून डोकावला की नजर तिकडे जाते आणि रंग फिका पडतो. काळी केलेली चांदी मागे सरते, आणि पाहणाऱ्याला फक्त खडे दिसतात. धातूला मिरवू न देण्याचा हा निर्णय त्या काळच्या जवाहिऱ्यांच्या रीतीला सोडून होता.

त्यांचा झेब्रा तर याहून साधा आहे. 1987 सालच्या या ब्रोचमध्ये झेब्र्याचं डोकं पट्टेदार अकीकातून कोरलेलं आहे. अंगावरचे काळे-पांढरे पट्टे कुणी रंगवलेले नाहीत, ते दगडातच होते. कलावंतानं फक्त तो दगड कुठून आणि कसा कापायचा ते ठरवलं. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांतही अकीक सापडतो. रत्नांच्या बाजारात त्याला फारशी किंमत नाही. पाहणाऱ्याची नजर पडली की हाच दगड संग्रहालयात पोचतो.

2013 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं रोझेनथाल यांच्या चारशेहून अधिक दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं. हयात जवाहिऱ्याच्या आयुष्यभराच्या कामाला तिथे असा मान पहिल्यांदाच मिळाला. त्याआधी 2012 साली जिनिव्हात लिली साफ्रा यांच्या संग्रहाचा लिलाव दानधर्मासाठी झाला होता. त्यात रोझेनथाल यांनी घडवलेलं माणकांचं कॅमेलियाचं फूल सुमारे 43 लाख डॉलरना गेलं. त्या फुलात 173 कॅरट माणकं आहेत, पण ती अनेक खड्यांची बेरीज आहे. ज्याच्या एकट्याच्या नावावर बोली चढावी असा मोठा माणिक त्यात नाही. बोली लागली ती फुलावर. मोडीच्या हिशेबाला यापेक्षा स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

हाँगकाँग : पाण्याखालचं कोरीवकाम

वॉलेस चॅन यांचा जन्म 1956 साली चीनच्या फूज्यो शहरात झाला. लहानपणीच कुटुंबाबरोबर ते हाँगकाँगला आले. घरची गरिबी इतकी, की तेराव्या वर्षी शाळा सोडावी लागली. 1973 साली ते रत्नं कोरणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लागले आणि वर्षभरातच स्वतःचं काम सुरू केलं. पाश्चात्त्य शिल्पकला शिकायला पैसे नव्हते, तेव्हा ख्रिस्ती दफनभूमीतल्या संगमरवरी मूर्ती पाहून ते शिकले.

1987 साली त्यांनी जी रीत सिद्ध केली, तिला आज 'वॉलेस कट' म्हणतात. पारदर्शक खड्याच्या मागच्या बाजूनं आत एकच चेहरा कोरायचा आणि समोरच्या बाजूला असे नेमके पैलू पाडायचे, की प्रकाशाच्या परावर्तनानं पाहणाऱ्याला एकाचे अनेक चेहरे दिसावेत. सांगायला हे सोपं आहे. करताना सगळंच उलटं होतं. डाव्याचं उजवं होतं. समोरून नाक वर आलेलं दिसायचं असेल तर मागून तिथे सर्वांत खोल जावं लागतं. एका जागी केसभर चूक झाली की ती प्रत्येक चेहऱ्यावर दिसते.

असं बारीक काम करणारं हत्यार बाजारात नव्हतं. चॅन यांनी दंतवैद्याचा ड्रिल घेतला, पण त्याचं पातं या कामाला चालेना. तेव्हा हत्यारं बनवायला शिकण्यासाठी ते यंत्रांच्या कारखान्यात जाऊन राबले आणि स्वतःची पाती घडवली. पुढची अडचण उष्णतेची. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्याखाली खडा तापतो आणि तडकतो. त्यावर उपाय म्हणून त्यांनी खडा पाण्यात बुडवून कोरायला घेतला. पाण्याखाली पातं कुठे लागतंय ते नीट दिसत नाही. म्हणून एक फटकारा मारायचा, खडा बाहेर काढायचा, पुसायचा, निरखायचा आणि पुन्हा पाण्यात घालायचा. एक चेहरा पुरा होईपर्यंत हेच चालतं. घडणावळ म्हणजे काय, ते या एका कामात दिसतं.

पुढे चॅन टायटॅनियमकडे वळले. नीलमाला निळा करण्यात ज्याचा वाटा असतो, तेच हे मूलद्रव्य. त्याची घनता सोन्याच्या पावपटीहूनही कमी आहे, त्यामुळे तळहाताएवढा ब्रोचही वस्त्राला ओढत नाही. शिवाय विजेच्या प्रवाहानं त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढवता येतो, आणि थराची जाडी बदलली की धातू निळा, जांभळा, गुलाबी दिसू लागतो. अडचण अशी, की तो 1668 अंश सेल्सियसला वितळतो (सोनं 1064 अंशांना) आणि वाकवला तरी उसळून मूळ जागी येऊ पाहतो. सोन्याची दांडी खड्यावर जशी सहज वळते, तशी याची वळत नाही. त्याला वश करण्यात चॅन यांची आठ वर्षं गेली. 2007 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे त्यांनी टायटॅनियमचे दागिने मांडले. खड्यातच खाचा करून दुसरा खडा त्यात बसवण्याची, म्हणजे धातूची पकड दिसूच न देण्याची रीतही त्यांनी काढली आहे.

मुंबई : जुना पाचू, नवा घाट

मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 2014 साली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अल-थानी संग्रहातले भारतीय दागिने मांडले गेले. मुघल दरबारच्या रत्नांबरोबर तिथे आजच्या दोन कलावंतांची कामं होती. एक पॅरिसचे रोझेनथाल आणि दुसरे मुंबईचे वीरेन भगत.

भगत जवाहिऱ्यांच्या घराण्यातले. त्यांच्या दागिन्यात मुघल कमानी, कमळं आणि फुलांचे झुपके यांना आर्ट डेको शैलीची नेमकी, भूमितीय रेषा मिळते. मरिन ड्राइव्हच्या याच शैलीतल्या इमारती पाहत वाढलेल्या शहरात हा मेळ परका वाटत नाही. प्लॅटिनम ते इतकं बारीक वापरतात, की खडे एकमेकांच्याच आधारानं उभे आहेत असं वाटतं. आपल्या कुंदनकामात शुद्ध सोन्याचे मऊ पत्रे खड्याभोवती दाबून बसवतात आणि पकड सोन्यातच विरून जाते. भगत यांनी तेच उद्दिष्ट दुसऱ्या धातूत, दुसऱ्या मार्गानं गाठलं.

आपल्या जुन्या दागिन्यांतल्या रत्नांचा प्रवासही आपल्या किनाऱ्याला लागून झालेला आहे. कोलंबियाचा पाचू सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत गोव्यात उतरला आणि पुढे मुघल दरबारात पोचला. आखातातले बसरा मोती मुंबईच्या बाजारात आले आणि नथीत, तन्मणीत बसले. रंगाची ही जाण आपल्याला नवी नाही. हिरव्या आणि लाल खड्याला मोत्यांच्या मधे नेमकं कुठे बसवायचं, हे नथ घडवणाऱ्या सोनाराला कुणी शिकवावं लागलं नाही.

हात कुणाचा

या तिघांचे दागिने फार थोड्यांना परवडतील. पण त्यांनी मिळवलेली एक गोष्ट सगळ्यांच्या कामाची आहे. दागिना घडवणाऱ्याचं नाव दागिन्याबरोबर जाऊ लागलं. चित्राखाली चित्रकाराची सही असते, पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, तसं दागिन्याचंही असावं, हे त्यांनी जगाला मान्य करायला लावलं. अर्थात या पेढ्यांतही आराखडा करणाऱ्याचं नाव होतं, जडकाम करणारे बहुतेक अनामिकच राहतात. तेवढं काम तिथेही बाकी आहे.

आपल्याकडे तर ते सुरूही झालेलं नाही. झवेरी बाजाराच्या माड्यांवर बंगालमधून आलेले कारागीर दिव्याखाली वाकून खडे जडवतात. त्यांच्या हातचा दागिना दुकानाच्या नावानं विकला जातो. हॉलमार्कच्या सक्तीनंतर आता हॉलमार्क केलेल्या प्रत्येक सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक असतो. त्यावरून सोनं किती शुद्ध, हॉलमार्क कुठल्या केंद्रात झाला, हे कळतं. दागिना घडवला कुणी, हे मात्र कळत नाही.

ही सुधारणा कायद्याची वाट न पाहता होऊ शकते. सराफानं पावतीवर कारागिराचं नाव लिहायला एक ओळ पुरते. घेणाऱ्यानं वजन आणि भाव विचारताना 'हे कुणी घडवलं?' एवढं विचारायला हवं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या संस्थांतून धातुकाम शिकून निघणाऱ्या मुलामुलींना घडणावळीचा दाम आपल्या नावावर मागता यायला हवा. रंगीत खडे आपल्याकडे जगभरातून येतात आणि ते जडवणारे हात इथे पिढ्यानपिढ्या आहेत. त्या हातांना नाव मिळालं, की मुंबईत एक भगत न राहता अनेक होतील.