पिशवी काढली, पण हृदयाचं काय?

चाळिशीच्या आतबाहेर ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला की घरात बोलणं होतं ते रक्तस्रावाचं, खर्चाचं आणि बुडणाऱ्या मजुरीचं. हृदयाचा विषय निघतच नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या सरकारी पाहणीत 82,309 पैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. बऱ्हाणपुरात केळीच्या बागेत किंवा पॉवरलूमवर राबणाऱ्या बाईनेही या आकड्यांकडे हृदयाच्या अंगाने पाहावं. कारण गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले, तर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन एकाएकी घटतं आणि ताण मात्र होता तिथेच राहतो.

कर्जाचा तगादा असो की घरातलं आजारपण, मनावर ताण आला की अ‍ॅड्रिनॅलिन उसळतं, नाडी धावते, बीपी चढतं. इस्ट्रोजेन रक्तवाहिनीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार व्हायला मदत करतं, त्यामुळे वाहिनी सैलावते. ताणाचे आदेश पोहोचवणाऱ्या मज्जातंतूंचा जोरही ते कमी करतं. अवघड हिशेब किंवा लोकांपुढे भाषण करायला लावून केलेल्या अनेक प्रयोगांत पाळी गेलेल्या स्त्रियांचं बीपी अधिक चढलेलं दिसलं. जबर धक्क्यानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता ढिला पडणारा ‘ताकोत्सुबो’ हा आजार जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये वर्णिला. त्याच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुतेक पाळी गेलेल्या.

यावर कोणी म्हणेल, हा वयाचाच परिणाम. पण कमी वयात दोन्ही अंडाशय काढलेल्यांतही हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळतो. तिथे वयाची सबब पुरत नाही. मग सरसकट हार्मोनच्या गोळ्या द्याव्यात का? नाही. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीतला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा प्रयोग 2002 मध्ये थांबवावा लागला. त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं आणि हृदयाला संरक्षण मिळालं नाही. वेळेआधी अंडाशय गेलेल्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना, अन्य अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला डॉक्टर देतात. शस्त्रक्रिया कधी कधी अटळ असते, हेही खरं. म्हणून सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा: औषधाने भागेल का, आणि अंडाशय ठेवता येतील का? ते काढावेच लागले, तर बीपी नियमित तपासत राहा.