सुगंधाच्या मुळाशी (भाग ७) : धोफारचा लुबान

मागच्या आठवड्यात वाळ्याच्या मुळांतून तेल कसं निघतं ते पाहिलं. आजचं झाड आहे मातीलाही महाग असलेल्या खडकावरचं.

ओमानच्या दक्षिणेला धोफार नावाचा प्रांत आहे. आपल्या कोकणात जूनपासून कोसळणारा नैर्ऋत्य मोसमी वारा तिथल्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांना सप्टेंबरपर्यंत धुक्यात बुडवून टाकतो. पण ढग डोंगर ओलांडत नाहीत. पलीकडे नज्दचं कोरडं पठार सुरू होतं आणि तिथल्या चुनखडीच्या घळींमध्ये बॉस्वेलिया सॅक्रा वाढतं. बुटकं, वेडंवाकडं, कागदासारखे पापुद्रे सुटणाऱ्या सालीचं हे झाड. त्याची वाळलेली राळ म्हणजे अरबांचा लुबान. मराठी बायबलमध्ये पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूला सोनं आणि गंधरसाबरोबर जो ऊद देतात, तो हाच. आपल्या दुकानांत लोबान म्हणून मिळतो तो मात्र बहुतेक वेळा सुमात्राकडच्या अगदी वेगळ्या झाडाचा असतो, तेव्हा या लेखापुरता तो बाजूला ठेवू.

राळ हे झाडाचं मलम आहे. सालीखाली तिच्या बारीक नलिका असतात. सालीला इजा झाली की दुधासारखा पांढरा चीक बाहेर येतो. त्यातले हलके, उडून जाणारे घटक त्याला वाहतं ठेवतात. ते उडाले की उरलेला भाग घट्ट होतो आणि जखम बंद होते, कीड आणि बुरशी बाहेरच राहतात. माणूस याच सवयीचा उपयोग करून घेतो. वसंतात, साधारण एप्रिलपासून, रुंद पात्याच्या लहान हत्याराने खोडावरची साल जागोजागी तासली जाते. पहिला चीक कमी प्रतीचा. दोन-एक आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा तासतात, मग पुन्हा. तिसऱ्या खेपेपासून चांगला माल येऊ लागतो. फिकट, हिरवट झाक असलेल्या, जवळजवळ पारदर्शक खड्यांना होजरी म्हणतात आणि सगळ्यांत जास्त भाव त्यांनाच. किती जागी तासायचं आणि झाडाला कधी विसावा द्यायचा, हे जाणणारा माणूस माझ्या लेखी अत्तरकाराइतकाच मोठा कलावंत आहे.

आता वासाकडे. राळेतून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने तेल काढतात. शंभर किलो राळेतून साधारण पाच ते दहा किलो. या तेलाचा मोठा भाग अल्फा-पायनीनचा, म्हणजे चीडाच्या झाडांना ज्यामुळे वास येतो त्याच रेणूचा. जोडीला लिमोनीन, जे लिंबू-संत्र्याच्या सालीत असतं. म्हणून कागदी पट्टीवर थेंब टाकताच येतो तो ताजा, थंड, किंचित मिरीसारखा वास. जुन्या चर्चच्या दगडी भिंतींत मुरलेला तो गंभीर वास त्यात प्रथम जाणवतच नाही. पट्टी बाजूला ठेवावी, हलके रेणू उडून जाऊ द्यावेत, आणि दुसऱ्या दिवशी हुंगावी. मग तो सापडतो.

तो कशामुळे येतो, हे हजारो वर्षं लुबान जाळूनही कुणाला सांगता येत नव्हतं. फ्रान्समधल्या नीस इथे निकोला बाल्दोविनी आणि सहकाऱ्यांनी तेलाचे भाग वेगळे करत, प्रत्येक भाग नाकाने तपासत त्याचा माग काढला. २०१६ साली उत्तर मिळालं : ऑलिबॅनिक आम्लं. तीन कार्बनचं चिमुकलं कडं आणि त्याला आठ कार्बनची शेपटी, असा साधा रेणू. तेलात तो अगदी लेशमात्र असतो, पण ओळख पटवतो तोच. प्रमाणाने मोठा असलेला घटक वासातही मोठा असतोच असं नाही, याचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

औषधांच्या जाहिरातींत गाजणारी बॉस्वेलिक आम्लं मात्र या तेलात जवळजवळ नसतातच. ती इतकी जड की वाफेबरोबर वर चढत नाहीत. निखाऱ्यावर असे जड घटक तुटतात, जळतात आणि धुराचा वास तयार होतो. बाटलीतल्या तेलात तो धूर नाही. त्यामुळे धुपाचा भास हवा असेल तर अत्तरकाराला भूर्जाचं डांबर किंवा जुनिपरच्या लाकडाचं केड तेल यांसारखं काही जोडावं लागतं. राळ द्रावकात विरघळवून काढलेला दाट अर्कही वापरतात, तो मिश्रणाला अंगावर टिकवून धरतो. १९८३ मध्ये ओमानमध्ये अमुआज ही कंपनी उभी राहिली. तिचं पहिलं अत्तर ‘गोल्ड’ गी रोबेर या फ्रेंच अत्तरकाराने रचलं आणि त्यात धोफारचा लुबान आहे. धोफारमधलं वादी दौका हे झाडांचं खोरं २००० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

पण जगभर विकला जाणारा सगळा लुबान धोफारचा नव्हे. चर्चमध्ये जळणारा पुष्कळसा माल इथिओपिया आणि एरिट्रियातल्या बॉस्वेलिया पॅपिरिफेराचा असतो. त्याच्या तेलात पायनीनऐवजी ऑक्टिल ॲसिटेट भरपूर. आपल्या सातपुड्यात, मेळघाटात सालई आहे, तीही याच कुळातली. तिच्या तेलात थुजीन पुढे असतं. इथिओपियाकडच्या झाडांची स्थिती चिंतेची आहे. एरिट्रियातल्या एका अभ्यासात सतत तासलेल्या झाडांच्या बियांपैकी जेमतेम १६ टक्के रुजल्या, न तासलेल्या झाडांच्या ८० टक्क्यांहून जास्त. गुरं रोपं खातात, वणवे लागतात, खोडकिडा खोडं पोखरतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत तर बहुतेक रानांत कोवळी झाडंच आढळली नाहीत. जुनी झाडं मरतील तेव्हा त्यांची जागा घ्यायला कुणी नसेल.

म्हणून अत्तराच्या खोक्यावर नुसतं ‘लुबान’ लिहिलेलं मला पुरत नाही. झाड कोणतं, देश कोणता, हे ज्या कंपनीला ठाऊक आहे तिने ते छापावं, आणि ठाऊक नसेल तर आपल्या पुरवठादाराला विचारावं.

पुढच्या आठवड्यात : गंधरस.