‘ह्युमाने विते’: आयोग एकीकडे, पोप दुसरीकडे

गर्भनिरोधक गोळी बाजारात आल्यावर कॅथलिक जोडप्यांपुढे प्रश्न उभा राहिला: ही चालेल का? 1930 मध्ये पोप अकरावे पायस यांनी कृत्रिम संततिनियमनाला स्पष्ट नकार दिला होता. 1951 मध्ये बाराव्या पायस यांनी सुईणींसमोरच्या भाषणात, गंभीर कारण असल्यास स्त्रीच्या चक्रातले गर्भधारणा न होणारे दिवस पाळायला मोकळीक दिली.

1963 मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी या प्रश्नावर आयोग नेमला. पुढे त्यात डॉक्टर, धर्मपंडित, विवाहित जोडपी आणि मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांचाही समावेश झाला. बहुमताचा कल बदलाकडे होता. पोप सहावे पॉल यांनी तो स्वीकारला नाही. 25 जुलै 1968 च्या ‘ह्युमाने विते’ या परिपत्रकात त्यांनी सांगितले की, पतिपत्नीचे एकत्र येणे प्रेमासाठी आणि नव्या जीवासाठीही असते. या दोन्ही गोष्टी माणसाने मुद्दाम तोडू नयेत.

मात्र ‘होतील तितकी मुले होऊ द्या’ असे चर्च सांगत नाही, हे आवर्जून सांगायला हवे. प्रकृती, पैसा, घरची परिस्थिती पाहून पाळणा लांबवणे याच परिपत्रकाला मान्य आहे. मार्ग नैसर्गिक हवा. आजारावरच्या उपचाराने गर्भधारणा टळत असेल, तर त्यालाही मनाई नाही.

पडसाद तीव्र उमटले. कॅनडाच्या बिशपांनी त्याच वर्षी विनिपेगमध्ये विवेकबुद्धीने वेगळा निर्णय घेणाऱ्या जोडप्यांना समजून घेणारे निवेदन काढले. सहावे पॉल त्यानंतर दहा वर्षे पोप होते. असे परिपत्रक त्यांनी पुन्हा लिहिले नाही.