लाल माती सोडल्यावर पैलवान काय करतात?



गोष्टीच्या पुस्तकातला महावीर राक्षसाला मारतो आणि तिथंच गोष्ट संपते. दुसऱ्या दिवशी त्याने काय केले, ते कोणी लिहीत नाही. जत्रेतल्या पैलवानाचेही तसेच आहे. कुस्ती मारली की आपण त्याला खांद्यावर घेतो, फेटा बांधतो, हलगी वाजते. पण कुस्ती काही म्हातारपणापर्यंत खेळता येत नाही. मग पुढे काय? ही माहिती मी मिळवली, ती सांगतो.

पहिली अडचण शरीराची. तालमीत पैलवान पहाटे उठून शेकडो जोर-बैठका मारतो. त्याला खुराकही तसाच लागतो. दूध, तूप, बदामाची थंडाई. मेहनत थांबली तरी खाण्याची सवय लगेच जात नाही. आमच्या आळीत एक आजोबा जुने पैलवान आहेत. ते म्हणाले, "बाळ, आखाडा सुटतो, पण जीभ आखाड्यातच राहते."

जास्तीचे अन्न चरबी होऊन अंगावर साठते. इकडे वापर कमी झाला की स्नायू बारीक होतात. लोक म्हणतात, पैलवानाच्या अंगाची चरबी झाली. पण स्नायूची चरबी कधीच होत नसते, बरे का! एक कमी होतो आणि दुसरी वाढते, एवढेच. म्हणून मेहनत एकदम सोडू नये. ती हळूहळू कमी करावी आणि खुराकही तिच्याबरोबर उतरवावा. आजोबा अजून रोज मळ्यापर्यंत पायी जातात.

दुसरी अडचण पोटापाण्याची. याचे मोठे उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. त्यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. एकट्या खेळाडूने मिळवलेले स्वतंत्र भारताचे ते पहिले पदक! त्यांना पाठवायला गावाने पैसे जमवले होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

मिरवणूक संपली. खाशाबांनी कुस्त्या करून ते पैसे फेडले. ते कॉलेजात शिकलेले पैलवान होते. 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि पुढे सहायक पोलीस आयुक्त या पदापर्यंत पोचले. पण निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणानंतर मिळाला. आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. हे सगळे त्यांना डोळ्यांनी बघता आले असते तर किती बरे झाले असते!

तिसरी वाट वस्तादाची. गणपतराव आंदळकर 1960 साली हिंदकेसरी झाले. 1962 साली जाकार्ता येथील आशियाई खेळांत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पुढे ते कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद झाले आणि त्यांनी पुष्कळ पोरांना डाव शिकवले. स्वतःचे बळ उतरले तरी विद्या उतरत नाही, ती दुसऱ्याला देता येते. पण एका तालमीला वस्ताद किती लागणार? सगळ्यांना ही वाट मिळत नाही. बाकीचे शेती करतात, दूध घालतात, कुठे नोकरी मिळाली तर करतात.

हे मी का लिहिले सांगू? माझा चुलतभाऊ दहावी सोडून तालमीतच राहायचे म्हणतो. काका म्हणतात, राहू दे. मला वाटते, त्याने तालीम सोडू नये आणि शाळाही सोडू नये. खाशाबांनी दोन्ही केले होते. आज शाळेत आलेल्या पालकांनी हे वाचून आपापल्या घरी जरूर बोलावे. आणि गावात जुना पैलवान असेल, तर जत्रेच्या दिवशी त्यालाही मैदानात मानाने बोलवावे. नारळ स्वस्तच असतो, पण म्हातारा माणूस वर्षभर ते विसरत नाही.

— इयत्ता 7 वी