आकारांची दुनिया : संत्र्यांचा ढीग आणि तांब्याचा गुंड

गेल्या आठवड्यात आपण प्लेटोपाशी थांबलो होतो. त्याने पृथ्वीला घनाचा आकार दिला, अग्नीला चतुष्फलकाचा, आणि सगळ्या पदार्थांचा कारभार मोजक्या सुबक आकारांवर सोपवला. कल्पना देखणी, पण तिला पुरावा नव्हता. पुराव्यासाठी ग्रीसला जायला नको, नरखेड तालुका पुरे.

आंबिया बहाराचा माल निघाला की इथे जिकडेतिकडे संत्र्यांचे ढीग लागतात. एखादा ढीग रचताना पाहा. पहिल्या थरात प्रत्येक फळाभोवती सहा फळं चिकटून बसतात. सातव्याला जागाच नसते. दुसऱ्या थराचं फळ खालच्याच्या डोक्यावर टिकत नाही, घसरून तीन फळांमधल्या खळग्यात बसतं. म्हणजे ढिगाच्या पोटातल्या संत्र्याला सभोवती सहा, वर तीन, खाली तीन असे बारा शेजारी. काही जण पाया चौकोनी घालतात आणि ढीग अगदी वेगळा दिसतो. पण त्याच्या उतरत्या बाजूकडे नीट बघा : तिथेही एकाभोवती सहाच. रचना तीच, फक्त कललेली. (नागपुरी संत्रं जरा चपटं असतं, गणितातला गोल नव्हे, तेवढी सूट त्याला देऊ.)

अशा त्रिकोणी ढिगात फळं किती, याचं सूत्र आर्यभटाने इ.स. ४९९ मध्येच दिलं आहे. तळाच्या कडेला दहा फळं असतील तर एकूण २२०. याहून दाट रचना शक्य आहे का, हा प्रश्न निराळा. १६११ साली केप्लरने नाही म्हणून सांगितलं : गोल कसेही रचा, जागेचा सुमारे ७४ टक्केच भाग भरणार. फळवाल्यांना हे ठाऊकच होतं, पण गणितज्ञांना सिद्धता हवी. ती थॉमस हेल्स यांनी संगणकाच्या मदतीने १९९८ मध्ये मांडली. परीक्षकांनी वर्षानुवर्षं तपासली, तरी पुरती खात्री देईनात. शेवटी २०१४ मध्ये संगणकाकडूनच पायरीपायरीने पडताळून घ्यावी लागली.

आता तिसरा थर. इथे निवड असते. फळं पहिल्या थराच्या बरोबर वर येतील अशी ठेवता येतात, किंवा पहिल्या थराचे जे खळगे दुसऱ्याने रिकामे सोडले त्यांच्यावर. दाटी दोन्हीकडे सारखीच. जस्त आणि मॅग्नेशियमचे अणू साधारण पहिल्या रीतीने बसतात. तांबं, चांदी, सोनं, ॲल्युमिनियम दुसऱ्या. तांब्याची ही मांडणी लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९१४ साली दाखवली.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं? बरंच. दुसऱ्या रीतीत दाट थर चार वेगवेगळ्या दिशांना कललेले सापडतात, आणि ठोका बसला की ते एकमेकांवरून सरकतात. पहिल्या रीतीत असे थर एकाच दिशेचे. म्हणून तांबट थंड तांब्याचा पत्रा ठोकून गुंड घडवू शकतो, आणि मॅग्नेशियमचा पत्रा तसाच थंड वाकवायला गेलं तर तडकतो. प्लेटोच्या घनाला पृथ्वीबद्दल असं एकही भाकीत करता आलं नाही. माझ्या लेखी त्याचा आकार सजावटच ठरतो.

सगळेच धातू मात्र या ढिगाचं ऐकत नाहीत. पुढच्या भागात लोखंड : तिथे शेजारी आठच, आणि भरलेली जागा ६८ टक्के.