पक्ष कोणताही असो, आधी यादीत नाव पाहा

निवडणूक जाहीर झाली की आपल्या वस्त्यांत झेंडे आधी येतात आणि मतदार यादी सगळ्यांत शेवटी. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलावर चिठ्ठ्या शोधताना कळते की सासूचे नाव आहे, सुनेचे नाही. थोरल्याचे आहे, धाकट्याचे गेले. मग आरडाओरडा होतो. ‘आमची नावं मुद्दाम कापली’ असे कुणीतरी म्हणतो, आणि कधी कधी ते खरेही असते. पण त्या दिवशी कुणाच्याच हाती काही नसते. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की यादीत नाव घालताही येत नाही आणि काढताही येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच तसे लिहिले आहे. म्हणून हा विषय निवडणुकीच्या गडबडीत नव्हे, तर आधीच्या थंड दिवसांत बोलायचा असतो.

आधी आपल्या जिल्ह्याची रचना पाहू, कारण तीच पुष्कळांना ठाऊक नसते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. आज तालुके ८ आहेत, विधानसभेचे मतदारसंघ मात्र ५: परतूर, घनसावंगी, जालना, बदनापूर आणि भोकरदन. त्यांपैकी परतूर व घनसावंगी लोकसभेसाठी परभणीला जोडलेले आहेत; उरलेले तीन जालना मतदारसंघात. म्हणून २०२४ साली एकाच जिल्ह्यात परतूर-घनसावंगीकरांनी २६ एप्रिलला मत दिले आणि जालना-बदनापूर-भोकरदनकरांनी १३ मे रोजी. जालन्यात बहीण आणि मंठ्यात भाऊ असेल तर दोघांचे खासदार वेगळे. महानगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. पण त्याची स्वतःची यादी नसते. विधानसभेचीच यादी घेऊन तो प्रभाग, गट, गण असे तुकडे पाडतो. जालना शहराची महानगरपालिका २०२३ साली झाली आणि तिची पहिली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये. अशा वेळी ‘माझे नाव चुकीच्या प्रभागात गेले’ ही हरकत चालते, ‘माझे नाव नवीन घाला’ ही चालत नाही. मूळ यादीत असाल तरच प्रभागात असाल.

आता पक्षांचे. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत मतदार नाव नोंदवतानाच आपला पक्ष लिहून देतो. आपल्याकडे नमुना ६ च्या अर्जात पक्ष विचारत नाहीत आणि जातही विचारत नाहीत. राज्यघटनेच्या ३२५ व्या कलमाने धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कुणाला यादीबाहेर ठेवता येत नाही, आणि ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढाला मत दिले. तरीही आमच्याकडे येणारी माणसे हळूच विचारतात, ‘साहेब, अमक्या पुढाऱ्याकडून अर्ज भरला तर त्यालाच मत द्यावं लागंल का?’ नाही. अर्ज कुणीही भरून देवो, मत तुमचेच.

मात्र कायद्यापुढे सगळे पक्ष सारखे नाहीत. पक्षाची नोंदणी करणे वेगळे आणि मान्यता मिळणे वेगळे. १९६८ च्या चिन्हांच्या आदेशाप्रमाणे मान्यतेच्या काही कसोट्या आहेत. विधानसभेच्या निवडणुकीत राज्यातील ६ टक्के वैध मते व २ आमदार ही त्यांतली एक. मान्यताप्राप्त पक्षाला राखीव चिन्ह मिळते, मतदार यादीच्या प्रती फुकट मिळतात आणि प्रत्येक केंद्रावर आपला प्रतिनिधी नेमता येतो. हा प्रतिनिधी बीएलओसोबत बसून यादी तपासतो आणि ठराविक मर्यादेत लोकांचे अर्ज एकत्र आणून देऊ शकतो.

आपल्या माणसांच्या पक्षांना इथेच फटका बसतो. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन १९५१-५२ ची निवडणूक हत्तीवर लढली, पुढे रिपब्लिकन पक्षानेही तेच चिन्ह चालवले. गट पडत गेले आणि हत्ती गेला. आज तो बहुजन समाज पक्षाकडे आहे. वंचित बहुजन आघाडीला २०२४ च्या लोकसभेला प्रेशर कुकर मिळाला आणि त्याच वर्षी विधानसभेला गॅस सिलिंडर. अक्षर न वाचता येणाऱ्या म्हातारीला सहा महिन्यांत दोन चिन्हे कशी पाठ व्हावीत? मान्यता नाही म्हणून यादीही फुकट नाही आणि केंद्रावर माणूसही नाही. मग मोठ्या पक्षाचा माणूस ज्या गल्लीत फिरतो, तिथली यादी दुरुस्त होते. आपल्या गल्लीत तो फिरेल याची खात्री आम्ही तरी देणार नाही.

नावे कुणाची गळतात ते आम्ही दारोदार फिरून पाहिले आहे. पहिली गळतात ऊसतोडीला गेलेल्यांची. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन नवरा-बायको मुकादमाच्या गाडीत बसतात, घराला कुलूप लागते आणि पाहणीला आलेला माणूस ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून मोकळा होतो. एका तहसीलमध्ये आम्हांला ‘इथं राहत नाहीत तर नाव कशाला?’ असे तोंडावर सांगितले गेले. पण कायद्याचे २० वे कलम स्पष्ट आहे: तात्पुरते बाहेर गेल्याने माणूस तिथला रहिवासी राहत नाही असे होत नाही. वीटभट्टीवर गेलेल्यांनाही हेच लागू आहे. कुलूपबंद घराबद्दल शेजाऱ्याने बीएलओला ‘हंगामाला गेलेत, वैशाखात येतात’ एवढे सांगितले आणि रेशनकार्डाची नक्कल दाखवली, तरी काम होते.

दुसऱ्या गळतात सुना. नाव माहेरी राहते, सासरी कुणी अर्ज भरत नाही. मुलगी दहा वर्षे नांदते आणि मत देत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नावच सांगितले नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच लिहिले गेले होते. आजची सून नाव सांगते, पण अर्जाला वेळ कुणी काढत नाही. राहण्याचे ठिकाण बदलले तर आता नमुना ८ भरायचा. दोन्हीकडे नाव ठेवू नका. खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

नमुना ७ कडे लक्ष असू द्या. मतदारसंघातील कुणीही मतदार दुसऱ्याच्या नावावर या नमुन्यात हरकत घेऊ शकतो. गावकीच्या भांडणात या कागदाचा उपयोग होतो हे सांगायला नको. पण हयात माणूस गाव सोडून गेला म्हणून त्याचे नाव काढायचे, तर त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. आदेश विरुद्ध गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही हरलात तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. तोंडी तक्रार करू नका, अर्जाची पोच घ्या. आम्ही कारकुनीत आयुष्य काढले आहे. पोच नसलेला कागद फायलीत कधीच सापडत नाही. बिहारमध्ये २०२५ साली फेरतपासणीच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने गळालेली नावे कारणासह जाहीर करायला लावली.

बदनापूर राखीव आहे म्हणून तिथे फक्त आपलीच मते मोजली जातात, असा समज काही घरांत अजून आहे. उमेदवार अनुसूचित जातीचा लागतो. मत सगळे देतात. १९३२ च्या पुणे करारापासून ही संयुक्त पद्धत आहे. तेव्हा राखीव जागेवरही यादीतले एकेक नाव तितकेच मोलाचे.

वय १८ पूर्ण होण्याच्या तारखा आता वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा वर्षांच्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो. प्रारूप यादी लागली की आपल्या भागाची प्रत आणून विहारात मोठ्याने वाचावी, घरागणिक नावावर खूण करावी आणि बाहेरगावी असलेल्यांना तिथूनच फोन लावावा. दोनशे घरांना दोन संध्याकाळी पुरतात. ज्यांची नावे निघाली नाहीत त्यांचे नमुना ६ चे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. बारावीतली पोरे हे काम आपल्यापेक्षा झटपट करतात.