समाजमाध्यमांचा बाजार आणि दलित तरुण

उपभोगाचा प्रश्न आपल्याकडे नेहमी नीतीचा म्हणून मांडला जातो. तरुण उधळे झाले, मोबाईलने त्यांना बिघडवले, साधी राहणी संपली, असे म्हणून व्याख्याते मोकळे होतात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने साधे ठेवण्यात आले त्यांनाही हाच उपदेश केला जातो, यातली विसंगती वक्त्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार आपण दुसऱ्या टोकापासून करायला हवा.

वस्तू वापरणे हा ह्या देशात कधीच केवळ पैशाचा व्यवहार नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळाला प्रेताची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातील चकवारा गावची घटना नोंदवली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंना जेवण दिले. जेवणात तूप होते. लाठ्या घेऊन आलेल्या सवर्णांच्या जमावाने अन्न उधळले, जेवणाऱ्यांना झोडपले. तूप विकत घेण्याची ऐपत यजमानाकडे होती. गुन्हा तोच ठरला. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळल्यानंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला आणि अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाकायला सांगितले. अंगावरचे कापड हा तेव्हा राजकीय विषय होता, आणि आपल्यापुरता तो अजूनही आहे. वसतिगृहातला आपला मुलगा महागडे बूट घेतो तेव्हा त्या बुटांना हा सगळा इतिहास चिकटलेला असतो. तो न पाहता त्याला उधळा म्हणणे सोपे आहे.

परंतु याच इतिहासाचा वापर करून घेणारे एक यंत्र आज त्याच्या हातात आहे, आणि त्या यंत्राची रचना समजून घेतल्याखेरीज आपले बोलणे अपुरे राहील.

माझ्या ओळखीचा एक विद्यार्थी आहे. तालुक्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. शिष्यवृत्तीचे पैसे यायचे होते, आणि त्याआधीच त्याने बूट, मग घड्याळ, मग जयंतीसाठी दोन सदरे हप्त्यावर घेतले. रात्री एक वाजता खरेदी कशाला केलीस, असे मी विचारले. "सर, ऑफर दोनच तास होती." ती ऑफर दुसऱ्या दिवशीही होती, हे त्याने मला स्वतःच दाखवले.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटा कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न १६४ अब्ज डॉलरहून अधिक होते आणि ते जवळजवळ सगळे जाहिरातींचे होते. म्हणजे जे आपण फुकट पाहतो, त्यात विकले जाते ते आपले लक्ष. ते धरून ठेवणे हाच धंदा. त्यासाठीची साधने एकेक करून जमत गेली. २००६ साली अझा रॅस्किन ह्या तंत्रज्ञाने न संपणारे पान तयार केले. पानाचा शेवटच नाहीसा झाला, म्हणजे उठून जाण्याची जागा नाहीशी झाली. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल खेद व्यक्त केला. २००९ साली फेसबुकवर 'लाईक'चे बटण आले. बी. एफ. स्किनर ह्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग शिक्षक मंडळींना ठाऊक असतील. दाणा केव्हा पडेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारणे लवकर सोडत नाही. बोटाने पडदा सरकवीत राहणारा माणूस नेमका ह्याच अवस्थेत असतो: पुढची रील कदाचित चांगली असेल. आणि चारपाच रीलांमागे एक वस्तू येते. ती काल आपण कशावर थबकलो होतो यावरून निवडलेली असते.

दुसरे साधन तुलनेचे. लिऑन फेस्टिंजरने १९५४ साली मांडले की माणूस स्वतःचे मोल ठरवताना आपल्यासारख्या वाटणाऱ्या माणसांशी तुलना करतो. आपण कोणाशी तुलना करावी याची हद्द पूर्वी गावाने घालून दिलेली होती. पाटलाच्या पोरासारखा सदरा घालण्याची इच्छा मनात आली तरी ती बोलून दाखवायची सोय नव्हती. पडद्याने ही हद्द पुसली, ह्याचे आपल्याला वाईट वाटण्याचे कारण नाही. परंतु हद्द पुसताना त्याने समोर सारे जगच आणून उभे केले, आणि तेही फक्त सजलेले. त्यात वस्तूची शिफारस करणारा आता सिनेनट राहिलेला नाही. आपल्या बोलीत बोलणारा, आपल्यासारखेच पत्र्याचे घर मागे दिसणारा एखादा इन्फ्लुएन्सर असतो. त्याचे बोलणे जाहिरात वाटत नाही, मित्राचा सल्ला वाटतो. पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस केली असेल तर ते उघड सांगावे, असे केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये बजावले आहे. ते किती जण सांगतात, हे वाचकांनी आजच रात्री मोजून पाहावे.

आता आठवडी बाजाराची आठवण करा. घरून निघताना किती पैसे आहेत ते माहीत असायचे. वस्तू हातात घेऊन पाहायची, घासाघीस करायची, एक फेरी मारून पुन्हा यायचे. नोटा मोजून देताना हात जड व्हायचा. सोबत आई किंवा शेजारीण असायची आणि ती म्हणायची, राहू दे, पुढच्या बाजारी बघू. ह्या प्रत्येक ठिकाणी मनाला थांबा होता. निम्म्या इच्छा त्या थांब्यांवरच उतरून जायच्या. मोबाईलवरच्या बाजाराने हे थांबे योजनापूर्वक काढून टाकले. एका दाबात खरेदी करण्याच्या पद्धतीवर अ‍ॅमेझॉनने १९९९ सालीच पेटंट मिळवले होते. पत्ता साठवलेला, पैसे यूपीआयने, 'फक्त २ शिल्लक' अशी पाटी, शेजारी उलटे धावणारे घड्याळ. आणि खरेदी करणारा एकटा, पांघरुणात.

उधारीचेही तसेच. गावच्या दुकानदाराकडे उधारी मागताना मान खाली घालावी लागे. तो चार माणसांत बोलून दाखवी. सावकाराच्या दारातली पायरी आपल्या वाडवडिलांनी ओळखली होती. अ‍ॅपवरचे कर्ज देताना कोणी जात विचारत नाही, कोणी खालीवर पाहत नाही. दोन मिनिटांत रक्कम जमा. डिलिव्हरीचा मुलगा वस्तीत येऊन 'सर' म्हणून हाक मारतो. ह्या वागणुकीची ओढ आपल्या तरुणाला वाटते ती खोटी नाही, आणि तिची चेष्टा करणाऱ्याने आयुष्यात कधी दुकानाच्या पायरीखाली उभे राहिलेले नसते. अपमान येतो तो नंतर, वसुलीच्या वेळी. काही कर्जाच्या अ‍ॅपनी मोबाईलमधले नंबर आणि फोटो उचलून नातेवाइकांना फोन केल्याच्या तक्रारी देशभर झाल्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले. अ‍ॅपला फोनमधील नंबरांची यादी आणि फोटो पाहता येत नाहीत. सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते आधी लेखी सांगावे लागते. आणि कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा आकार भरून, दंडाशिवाय बाहेर पडता येते. हा शेवटचा नियम मी विचारले त्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही माहीत नव्हता.

खोटी घाई, न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, नकार देणाऱ्याला लाजवणारे वाक्य, शेवटच्या पानावर वाढणारी किंमत: अशा १३ प्रकारच्या फसव्या रचनांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. कार्यकर्त्यांनी हा विषय अभ्यासवर्गात घ्यायला हरकत नाही. रेशनकार्डाच्या अर्जाइतकाच तो आता रोजचा झाला आहे.

ह्या खरेदीचे दुसरे टोकही आपल्याच घरात निघते. स्वस्त कपडा कोणाच्या तरी अंगावरून निघालेला असतो. बांगलादेशातील राणा प्लाझा २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली तेव्हा अकराशेहून अधिक कामगार गेले, त्यात बहुतेक कपडे शिवणाऱ्या बाया. आणि वस्तूभोवतीचे खोके, प्लास्टिक, टेप शेवटी कचऱ्यात येते. पुण्यात १९९३ सालापासून संघटित झालेल्या कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांमध्ये बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. पुठ्ठ्याला भाव मिळतो; लेबले नि चिकटपट्टीने माखलेल्या पातळ पिशवीला फारसा नाही. ती निवडून बाजूला काढण्याचे श्रम मात्र लागतातच. मुलगा जे मागवतो त्याचे वेष्टन त्याची मावशी उचलते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

त्या विद्यार्थ्याबरोबर मी एक संध्याकाळ बसलो. सहा महिन्यांत मागवलेल्या वस्तूंची यादी त्याने वहीत काढली आणि प्रत्येकीपुढे वेळ लिहिली. सतरापैकी बारा रात्री अकरानंतरच्या होत्या. त्यातल्या पाच वस्तू त्याने दोनदाही वापरल्या नव्हत्या. दोन तर त्याला आठवतच नव्हत्या. घड्याळ परत करण्याची मुदत संपायला एक दिवस होता, ते त्याने तिथेच परत टाकले. बुटांवर आम्ही पुष्कळ बोललो. कॉलेजच्या चर्चासत्रात तो पहिल्यांदा व्यासपीठावर उभा राहिला तेव्हा तेच बूट त्याच्या पायांत होते, आणि त्या दिवशी आपण खाली बघितले नाही, असे तो म्हणाला. त्यांचे अजून तीन हप्ते राहिले आहेत. ते तो भरणार आहे.